पाचव्या माणसाचं काम

औद्योगिक व्यवस्थापन म्हणजे नेमकं काय, हे दामिनीच्या गावात कोणालाच कळलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर पहिले दोनेक महिने दामिनीलाही नाही. चंद्रपूरच्या कॉलेजात तो अभ्यासक्रम नवाच निघाला होता. आजूबाजूला सिमेंटचे कारखाने, कोळशाच्या खाणी. तिथे साहेब लागतातच, तर ते आपल्याच जिल्ह्यातून निघावेत, असं कोणीतरी उद्घाटनाच्या भाषणात म्हणालं होतं. दामिनीच्या बापानं, मनसारामनं, त्याचा आपल्यापुरता अर्थ लावून घेतला होता.

"कारखान्यात कोणी काय करावं, ते सांगाचं शिकून राह्यली पोट्टी," तो गावात भेटेल त्याला सांगायचा.

"अन् मंग काम कोन करते?"

"काम दुसरे करतेत ना बापा. हे फक्त सांगते."

"हात्तिच्या! आमच्या घरी त बायको बिनशिकताच करते."

मनसाराम हसायचा. हसणाऱ्यांमध्ये पहिला हसायची त्याला सवयच होती.

तर अशा त्या अभ्यासक्रमात पहिल्याच वर्षी गणित होतं, आणि त्यानं निम्मा वर्ग आडवा केला. मुलांची समजूत अशी, की व्यवस्थापन म्हणजे टाय लावून बोलणं. चिंतलवार सर वर्गात आले ते दोन्ही खिशांत खडू घेऊन, आणि फळ्यावर आकड्यांच्या रांगा मांडत सुटले. त्यांच्या गणितात नेहमी खाणीतले ट्रक असायचे. इतके ट्रक, इतक्या खेपा, सगळ्यात कमी डिझेलमध्ये चुनखडी कशी पोचवायची. वरोऱ्याची भाग्यश्री एकदा म्हणाली, "सर, ट्रकवाल्यांना विचारायचं ना." सर म्हणाले, "ट्रकवाला ही चल राशी आहे. तिला विचारत नसतात, तिची किंमत काढतात."

दामिनीला मात्र हे गणित आवडलं. शाळेत गणित म्हणजे हौदाला लागलेल्या दोन तोट्या आणि कधीच न भेटणाऱ्या आगगाड्या. इथे माणसं होती, कामं होती, आणि कोणी कोणतं काम केलं म्हणजे सगळ्यांचा मिळून वेळ कमी लागेल, याला एक पक्कं, कोणाच्या तोंडाकडे न बघणारं उत्तर होतं. डाव्या बाजूला माणसांची नावं, वर कामं, मधल्या चौकटींत ज्याला ज्या कामाला जितका वेळ लागतो तितकी मिनिटं. मग प्रत्येक आडव्या ओळीतून त्या ओळीतला सगळ्यात लहान आकडा वजा करायचा, तसंच उभ्या रकान्यांचं. हळूहळू शून्यं उगवायला लागतात. शून्य पडलं, की तिथे त्या माणसाची जागा.

"पण सर, माणसं जास्त अन् कामं कमी असली तर?" दामिनीनंच विचारलं होतं.

"शाब्बास. तर एक खोटं काम वाढवायचं. डमी. त्याच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत शून्य मांडायचं. ते काम ज्याच्या वाट्याला येईल, तो घरी बसेल."

मागून अजय ओरडला, "सर, मले डमी देऊन टाका!" अख्खा वर्ग हसला. दामिनीही हसली.

उन्हाळ्याच्या सुटीत प्रत्येकानं आपल्या आजूबाजूचं एखादं काम घेऊन असं गणित सोडवून आणायचं होतं. सरांनी बजावलं होतं, नावं लिहू नका, अ-ब-क लिहा. आणि मोजलेल्या आकड्याला हात लावू नका. उत्तर आवडलं नाही म्हणून आकडा बदलणारा माणूस व्यवस्थापक होत नाही, पुढारी होतो.

दामिनीचं गाव पळसबोडी. गावाच्या वरच्या अंगाला मोठा तलाव, खाली धानाची बांधी, आणि मधल्या पारीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, मासे धरणाऱ्या ढिवरांची घरं. उन्हाळ्यात तलाव आटत आला की मोठं ओढायचं जाळं निघायचं, आणि वैशाखभर एकाआड एक दिवस तलावात फिरायचं. या जाळ्याची खरी कामं चार. एकानं डोंग्यातून जाळं सोडत अर्धा तलाव वेढायचा. एकानं पाण्यावर काठी हाणत मासोळी आत लोटायची. एकानं जाळ्याचा खालचा दोर पायानं दाबत चिखलातून चालायचं, म्हणजे मासोळी खालून निसटत नाही. आणि एकानं बुडी मारून, जाळं खुंटांत अडकलं तर सोडवायचं. चार कामं, पण ती करणारी घरं पाच; कारण तलावावर पहिलं जाळं टाकलं तेव्हा घरं पाच होती. म्हणून खालच्या दोरावर दोघं चालायचे, त्यातला एक मनसाराम.

आणि शेवटी, जाळं काठाशी यायला लागलं की अख्खा ढिवरमोहल्ला पाण्यात उतरायचा. म्हातारे, बाया, लेकरं. ज्याचा हात दोराला लागला त्याच्या घरी मासोळीचा हिस्सा. ओढायला जोर लागायचाच असं नाही. त्या पाच घरांतल्या झिंगूची आंधळी सासू नुसती बोटं टेकवायची, तिचाही हिस्सा पुरा. फक्त हात लागला पाहिजे. हे कोणी ठरवलं ते ठाऊक नाही. मच्छीमारांची सोसायटी झाली, तिचा शिक्का आला, तरी हे तसंच राहिलं.

दामिनीनं मावशीच्या नवऱ्याचं घड्याळ मागून आणलं आणि सांगितलं, की पाचही जणांनी चारही कामं एकेकदा करून दाखवायची, मी वेळ मोजणार.

सोसायटीचा अध्यक्ष लटारू, म्हणजे गावाच्या नात्यानं दामिनीचा मोठाबाबा, थोरला काका. त्यानं डोळे बारीक केले. "आमाले त मासोळी मोजता येते. तू वेळ मोजून काय खाशीन वं?"

"परीक्षेचं हाये, मोठेबाबा."

"परीक्षेचं हाये का? मंग मोज."

तमाशाच झाला. सुकलू हा त्या पाचांतला सगळ्यात तरणा. तो बुडी मारून वर आला की आधी विचारायचा, "किती झाले?" आणि आकडा ऐकून झिंगूकडे बघून मिशीवर हात फिरवायचा. मनसाराम तर धुतलेला सदरा घालून आला. पाण्यात उतरायला धुतलेला सदरा! दामिनीची आई वच्छला काठावरून म्हणाली, "लग्नाले चालले का?" तो म्हणाला, "कालेजचं काम हाये. तुले काय समजते."

त्याचा उजवा गुडघा दोनेक वर्षांपासून धरत होता. घरात ते सगळ्यांना माहीत होतं, आणि घरात ते कोणी बोलत नव्हतं. त्यानं डोंगा नेला, तो मधेच फिरला. खालचा दोर दाबत निघाला, तर पाय चिखलात रुतला आणि काढताना तो चक्क थांबून हसला, जसं काही मुद्दामच थांबला होता. दामिनीनं घड्याळाकडे बघितलं. बापाकडे बघितलं. आणि घड्याळात जे दिसलं ते लिहिलं.

"माहं नाव येईन ना त्याच्यात?" घरी परतताना त्यानं विचारलं.

"येईन ना, बाबा."

त्यामुळेच तर तिनं अ-ब-क लिहिलं नाही. मोठ्या कार्डशीटवर रंगीत पेनानं पाच नावं काढली. मनसाराम सगळ्यात वर, कारण बाप.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मोहाच्या झाडाखाली गणित घेऊन बसली. पाच माणसं, चार कामं. पाचवा रकाना शून्यांचा. वजाबाक्या केल्या. शून्यं उगवायला लागली. सुकलू बुडीला. झिंगू डोंग्यावर. बाकीची दोन नावंही आपापल्या जागी जाऊन बसली. मनसारामच्या ओळीत एकच शून्य उरलं, आणि ते पाचव्या रकान्यात होतं.

तिनं पुन्हा केलं. तेच आलं.

एक आकडा होता. झिंगूच्या ओळीतला, डोंग्याचा. तो थोडा वाढवला असता, तर झिंगू पाचव्या रकान्यात गेला असता आणि बाप डोंग्यावर. कोणाला कळलं असतं? ती पेन टेकवून बराच वेळ बसली. मग तिला चिंतलवार सरांचा पुढारी आठवला, आणि आपण पुढारी नाही याचा एक कोवळा, नवा अभिमान वाटला. त्या वयात असा अभिमान फार गोड लागतो. तिनं आकडा तसाच ठेवला. पुढे कितीतरी वर्षं ती या दुपारपाशी येऊन थांबायची. आकडा बदलायला हवा होता असं तिला तेव्हाही वाटलं नाही आणि नंतरही नाही. पण कार्डशीट गुंडाळून पलंगाखाली सारून द्यायची, सरळ चंद्रपूरला न्यायची, हे तिसरंही काहीतरी करता आलं असतं, ते त्या दुपारी तिला सुचलंच नव्हतं. गणितात उत्तर आलं की ते लिहायचं असतं, इतकंच तिला शिकवलेलं होतं.

आणि संध्याकाळी लटारूनं बोलावलंच. सोसायटीचं जे काही असेल ते पारीवर सगळ्यांसमोर वाचायचं, ही तिथली रीत. मंत्र्याचं पत्र असो की मत्स्यबीजाची पावती. दामिनीचं गणित म्हणजे तर सोसायटीच्याच जाळ्याचं गणित.

"वाच वं, दामिने. मोठ्यानं वाच."

तिनं वाचलं. सुकलू, बुडी. झिंगू, डोंगा. लोक माना डोलवत होते. चार नावं झाली.

"अन् मनसारामभाऊ?" सुकलूनं विचारलं. त्यात काही खोट नव्हती. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"त्याहिले... डमी."

"ते काय असते?"

"म्हणजे खोटं काम. म्हणजे..." तिनं कार्डशीटवर बोट ठेवलं. "काम नसते ते."

कोणीतरी म्हणालं, "म्हणजे मनसारामभाऊ साहेब झाला! बिनकामाचा!" आणि पारीभर हसू फुटलं. सगळ्यात मोठ्यानं मनसाराम हसला. मांडीवर थाप मारून हसला. "माही पोट्टी हाये शेवटी," तो म्हणाला, "बापाले आराम देल्ला तिनं." दामिनीही हसली. वच्छला तेवढी हसली नाही. ती उठून घरी गेली.

पुढच्या खेपेला त्यांनी गंमत म्हणून जाळं गणिताप्रमाणे टाकलं. आणि पंचाईत अशी, की गणित बरोबर होतं. जाळं उन्हं चढायच्या आतच काठाला लागलं. लटारूनं तोंडात बोट घातलं. खालच्या दोरावर आता एकच माणूस चालत होता. मनसाराम पारीवर बसून होता, आणि शेवटी सगळे दोराला हात लावायला उतरले तेव्हाही तो बसूनच राहिला.

"या ना, भाऊ!" सुकलू ओरडला.

"होऊन जाईन तुमचं," मनसाराम म्हणाला. "मी पायतो इथूनच."

त्या दिवशी दामिनीला वाटलं, थकला असेल.

कॉलेजात तिचं गणित वर्गात वाचून दाखवलं गेलं. इतरांनी किराणा दुकानं आणि रिक्षा आणल्या होत्या. मासे कोणीच आणले नव्हते. सरांनी नावं लिहिल्याबद्दल कान धरला आणि उरलेल्या सगळ्यासाठी पाठ थोपटली. तास संपल्यावर ती टेबलापाशी उभी राहिली.

"सर, डमीत जो जातो, त्याचं पुढे काय होतं?"

सर खडू झटकत होते. "पुढे म्हणजे? गणित तिथे संपतं, बाळ." मग तिच्या तोंडाकडे बघून थांबले. "तुझा कोण आहे त्यात?"

"वडील."

सरांनी खडू खिशात टाकला. म्हणाले, "म्हणून अ-ब-क लिहायचं असतं." वाईट माणूस नव्हता तो. त्याच्याकडे तेवढंच होतं.

पुढच्या वर्षी वैशाखात ती गावी आली, तेव्हा घरात मासोळीचा वास नव्हता. जाळं सुरू होऊन आठवडा झालेला. वच्छलानं सांगितलं ते भाकरी थापता थापता, तिच्याकडे न बघता. बाप पाण्यात उतरत नाही. पारीवरही जात नाही. चुलत्याच्या शेतावर जातो, कोणाचा गोठा शाकारतो. सुकलू हिस्सा घेऊन दारात आला होता, तर त्याला चहा पाजला आणि हिस्सा परत पाठवला. हात लागला नाही, मग हिस्सा कसला?

"मंग तू काऊन नाई जात दोराले?" दामिनीनं विचारलं.

"त्याच्या पुढून मी जाऊ?" वच्छला म्हणाली. "तूच सांग, कशी जाऊ?"

दामिनीनं बापाला सरळ विचारलं. तो गोठ्यापाशी दावं वळत होता.

"बाबा, तुमी रागावले का माह्यावर?"

"छा! रागाचं काय त्याच्यात. तू बरोबरच काढलं होतं. मी पायलं ना, किती लवकर निघालं जाळं." त्यानं दाव्याला पीळ दिला. "मले वाटे का मी जोर लावून राह्यलो. अन् जाळं त माह्यामुळे थांबून राह्यलं होतं. कोनी सांगतलंच नाई इतके दिवस. साऱ्याईनं सांभाळून घेतलं."

तो रागावला असता तर पाय धरता आले असते. तिनं त्या रात्री जेवण टाकलं आणि सकाळी लटारूकडे गेली. जाताना तिच्या डोक्यात पक्की योजना होती; व्यवस्थापन शिकत होती शेवटी. तिनं लटारूला सांगितलं, की गणितात एक काम राहून गेलं होतं. पाचवं. पारीवर उभं राहून, जाळं कुठे वाकडं होतंय ते बघून हाक द्यायची. हे काम नवीन हिशेबात निघालंय, आणि ते बाबांच्या नावावर निघालंय.

लटारूनं तिच्याकडे बराच वेळ बघितलं. त्याला काय कळायचं ते कळलं. "निघालं हाये ना? मंग देऊन टाकू," तो म्हणाला, आणि काठी टेकत स्वतः मनसारामच्या अंगणात आला. सुकलूही आला.

"मनसाराम, तुह्यासाठी काम निघालं हाये. तुह्याच पोरीच्या गणितातून."

मनसारामनं सगळं ऐकून घेतलं. लटारूला पाणी दिलं, सुकलूला सुपारी. "येतो, भाऊ, पायतो," असं म्हणून दोघांना वाटेला लावलं. मग तो दामिनीकडे वळला.

"हे काम तू बनवलं काऊन?"

"बनवलं नाई, बाबा. हिशोबात..."

"दामिने." आवाज चढला नव्हता. "त्या दिवशी तू साऱ्या गावासमोर खरं बोलली. मले लागलं, पण मी घरी येऊन तुह्या मायले म्हटलं, पोट्टी भेत नाई, शिकली खरी. तेवढं होतं माह्यापाशी. आता तू माह्यासाठी खोटं बोलून राह्यली. मी इतका गेलो का वं?"

अंगणात कोंबड्या चारा टिपत होत्या. त्याच्याकडे जे एक उरलं होतं, तेही आपण आज सकाळी चालत जाऊन काढून घेतलं, हे तिला हळूहळू, एकेक आकडा वजा व्हावा तसं समजत गेलं.

"आता असं कर," मग तोच म्हणाला, जणू कारखान्यातलं काम वाटून देत होता. "उद्या जाळं हाये. तू जा दोराले. घराचा हात नाई म्हणून तुह्या मायच्या जिवाले लागते. मले दिसते ते."

"अन् तुमी?"

"मले वावरात जाचं हाये."

ती गेली. सलवार गुडघ्यापर्यंत खोचून पाण्यात उतरली. दोर ओला, शेवाळलेला, हाताला गार लागला. बायांनी सरकून तिला जागा करून दिली, आणि ती जागा कोणाची ते तिनं विचारलं नाही. जाळं भराभर आलं. रोहू होते, कतले होते, तळाशी काळी मरळ. लटारूनं हिस्सा घालताना तिच्या टोपलीत आणखी एक रोहू टाकला. तिनं तो काढून परत ठेवला.

वच्छलानं वर्षानंतर मासोळीचा रस्सा रांधला. मनसाराम हातपाय धुऊन ताटावर बसला, जेवला, आणखी मागून घेतलं. मसाला बरा झाला म्हणाला. मग, ताटाकडेच बघत, त्यानं विचारलं, "पाणी किती राह्यलं तलावात?"

"कमरेएवढं."

"उगवतीकडच्या खुंटापाशी अडकलं असंन जाळं."

जाळं कुठेच अडकलं नव्हतं. सुकलूनं आदल्या दिवशीच खुंट उपटून टाकला होता, आणि सगळं काम सकाळच्या न्याहारीआधी आटोपलं होतं. दामिनीनं तोंड उघडलं. नंतर कितीतरी वर्षं पुस्तकं वाचून, फळे बघून, गडचांदूरच्या कारखान्यात शेकडो माणसांच्या पाळ्या लावूनही, त्या वेळी काय म्हणायला हवं होतं हे तिला कधी ठरवता आलं नाही. खरं एकदा बोलून झालं होतं, आणि खोटंही.

"नाई अडकलं, बाबा," ती म्हणाली. "खुंट काढला त्याहिनं."

मनसारामचा घास हातातच राहिला. "काढला का?" तो म्हणाला. "बरं केलं."

आणि वच्छलानं त्याच्या ताटात आणखी भात वाढला.